जहाजातून आलेली शुगर

३ फेब्रुवारी, सोमवार
आधी टपकली शेजारची द्वारकाबाई. फुकट तपासणी म्हणल्यावर ती कशाला मागं राहती! मग सरकारी दवाखान्याची आशाताई सत्यशीला आली, रक्त तपासायची मशीन घेऊन. द्वारकाबाई सुई बघूनच केकाटली. मला टोचली तर कळलंबी नाय. लई आनंद झाला. सत्यशीला म्हणली, कडूआज्जी, शुगर लई वाढलीय. गोळी घ्या, गोड सोडा, अन् रोज पाय बघत जा. पाय काय बघायचे? ते कुठं पळून चाललेत?

५ फेब्रुवारी, बुधवार
शुगर कुठून आली ते घावलं! नात अक्षदा भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी घरातलं सामान बघत होती. म्हणली, आज्जे, आपलं पामतेल इंडोनेशियाचं, तूरडाळ आफ्रिकेची, मसूर कॅनडाचा. सगळं जहाजानं येतं. (इंडोनेशिया तिच्या पुस्तकात बघून लिहिलं.) फुलंब्रीला आमच्या रानात माणूस दिसायचं नाय एवढी तूर, अन् आता डाळ समुद्रातून? मग शुगरबी त्याच जहाजातनं उतरली, दुसरं काय. उद्यापासून लढाई. एकेकाचा मुडदा पाडते.

६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
मसूर मुसळानं ठेचला. कॅनडा संपला. डाळीची पिशवी भिंतीवर आपटून फोडली. तेलाच्या डब्याला अशी लाथ घातली का पत्रा फाटला, तेल पार मोरीपर्यंत. सून मेघा त्यावर घसरली. म्हणली, आत्या, इंडोनेशियाला काय झालं नाय, माझं कोपर फुटलं! पत्रा लागून माझ्या पायाच्या अंगठ्यातून रक्ताची धार. अक्षदा रडायला लागली. मी हसले. एवढं रक्त, अन् दुखणं काहीच नाय! जवारी खाल्लेलं हाड हाय हे. हळद दाबली, चिंधी बांधली, झालं.

९ फेब्रुवारी, रविवार
गोड सोडलं. म्हणजे साखर सोडली. गूळ चालू हाय. कन्नड तालुक्यातल्या गुऱ्हाळातला, आपल्या मातीतला, तो कशाला शुगर करील? भाकरीवर गूळ, वरून तूप. गोळीबी बंद. अक्षदा म्हणली, आज्जे, गोळी आपल्याच देशातली हाय, पाकिटावर लिहिलंय. म्हणलं, इंग्रजीत लिहिलंय ना? मग परकी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
द्वारकाबाई दारात उभी राहून म्हणती, नाव कडूबाई अन् तोंडात सारखा गूळ! लाटणं फेकून मारलं. नेम बसला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. तरी जाता जाता म्हणती, तुझ्या पायाला वास येतोय. वास तिच्या मोरीचा. दळण आणायला गेले तर एक चप्पल वाटेतच राहिली. घरी आल्यावर मेघानं सांगितलं तवा कळलं. दगडासारखे पाय झालेत माझे. औषधाविना!

१७ फेब्रुवारी, सोमवार
सत्यशीला डॉक्टरीणबाईला घेऊन आली. द्वारकाबाईनंच फोन केलता, चुगलखोर. चिंधी सोडली. अंगठा काळा पडलाय. डॉक्टरीणबाईनं पेनाचं टोक टोचलं. दुखतं का? नाय. जरा वर टोचलं. नाय. घोट्यापाशी. तिथंबी नाय! वाटलं, आता शाबासकी देतील. मेघानं तोंडाला पदर लावला. द्वारकाबाई टेंगूळ घेऊन आली, अन् माझा हात धरून बसली.

डॉक्टरीणबाई म्हणली, आज्जी, दुखत नाय हाच तर आजार हाय. अंगठा काढावा लागंल. अजून थांबलात तर पाय जाईल. मी विचारलं, पामतेलामुळं का? ती म्हणली, तेल भलं करत नाय, खरं हाय. पण गोळी तुम्ही सोडली, अन् गुळालाबी साखरच म्हणायचं.

संध्याकाळी गोळी घेतली. गुळाची ढेप मेघाला माळ्यावर टाकायला सांगितली. भाकरी मागितली ती कोरडीच.

आता पाय बघत बसलेय. उद्या मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाई दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन येते म्हणलीय.