नवरीचे फोटो मीच काढणार

सोमवार, ३ तारीख. सकाळी.

आज भारी आनंद! नातीच्या फोटोवाल्यानं ऐनवेळी हात वर केले. दुसरीकडे मोठं काम मिळालं म्हणे. नात डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, अगं, मी आहे ना! ती आधी हसली. मग नुसती बघत राहिली.

गोष्ट अशी. मोठ्या पार्लरच्या मॅडमना हिनं केलेल्या नवरीच्या मेकअपचे फोटो हवेत, शुक्रवारपर्यंत. मेकअप करताना हिचे हातही दिसायला हवेत, म्हणजे हिला स्वतःला काढता येत नाहीत. आवडले तर पार्लरमध्ये कायमची खुर्ची. जड पेटी घेऊन लोकांचे जिने चढणं बंद. खालच्या शिंपिणीच्या मुलीचं लग्न रविवारी आहे, ती गुरुवारी ट्रायलला बसणार. मेकअप नातीचा, फोटो माझे!

मी मुळीच घाबरलेले नाही. छातीत धडधडतंय ते जिन्यामुळे. आज चढले नाही, पण काल चढले होते.

मंगळवार, दुपारी.

सराव केला. हे खुर्चीत पेंगत होते, त्यांनाच नवरी धरलं. एका फोटोत पंखा आला, एकात माझा अंगठा, एकात ह्यांचा कान. कान मात्र सुरेख आलाय. दाखवला तर म्हणाले, हा माझा नाहीच. लग्न झाल्यापासून हेच. काही कबूल करतील तर शपथ.

मधेच नातीचा फोन काळा पडला. तोंडचं पाणी पळालं माझं. आजारी पोर धरावं तसा दोन्ही हातांत धरून बसले. नातीनं येऊन बाजूचं बटण दाबलं, आला शुद्धीवर. झोपला होता म्हणाली. झोपताना सांगायचं तरी!

ठरवलं : गुरुवारपर्यंत चहा बंद. चहानं हात थरथरतो.

बुधवार.

चहा घेतला. एकदम सोडला तर जास्त थरथरतो.

नात म्हणाली, जमेल ना गं आजी? विचारताना नखं खात होती. मी म्हटलं, डोळे मिटून काढीन. ती म्हणाली, उघडे ठेवून काढ.

आणि आज कळलं, की खुर्ची मिळणारच म्हणून हिनं पुढच्या महिन्याची सगळी कामं नाकारून ठेवलीत. देवापुढे दुसरी वात लावली. पहिली मंद वाटत होती.

गुरुवार, संध्याकाळी.

बसून लिहितेय. उभं राहवत नाही.

शिंपिणीच्या शिलाईच्या खोलीत, खिडकीशी बसवलं मुलीला. नातीचे हात काय चालतात! कौतुकानं बघता बघता बटण दाबायचं राहूनच जात होतं. हातांचे फोटो धूसर आले म्हणाली. मला तर स्वप्नासारखे वाटले.

मेकअप झाला. नात पिना आणायला वर गेली. जाताना म्हणाली, कशाला हात लावू नकोस. मी लावलाच नाही. नवरीचं नाक जरा चमकत होतं, म्हणून पेटीतल्या डबीतली पांढरी पावडर ब्रशनं लावली. लावली तर दिसेचना. म्हटलं, हलका माल दिसतोय. आणखी लावली. डोळ्यांखाली, हनुवटीवर. तरी दिसेना! पण बरं वाटत होतं लावायला.

नात पिना घेऊन आली, पदर नीट केला, म्हणाली, काढ आता. उजेड गेला होता, म्हणून फ्लॅश लावून भराभर काढत सुटले. ती पेटी आवरत होती, तोवर मी फोनमध्ये बघितलं. नाक आणि डोळ्यांखाली चुना फासल्यासारखं! म्हटलं, पोरीच्या अंगातलं रक्त गेलं कुठं? नवरीला विचारलं, चक्कर येतेय का गं? ती म्हणाली, नाही. म्हटलं, खरं सांग, पाय गार पडलेत का? तिनं चाचपून बघितले. म्हणाली, पडलेत थोडे. आणि भोकाडच पसरलं.

शिंपीण हातात कात्री घेऊन धावली. तिला बघून मी किंचाळले. मला बघून पोरगी आणखी रडली. काजळ थेट गळ्यापर्यंत. शिंपिणीनं तिचं तोंड धुऊन टाकलं. म्हणाली, आता जे काय ते रविवारी करा.

नातीनं फोटो बघितले. मग म्हणाली, ही पावडर जास्त झाली की फ्लॅशमध्ये पांढरी दिसते. मी म्हटलं, फोन जुना झालाय तुझा.

शुक्रवार.

त्यातल्या त्यात कमी पांढरे फोटो पाठवले तिनं. दुसरे होतेच कुठं? मी म्हटलं, तेज आलंय नवरीला.

ठरवलं : उद्या तिला पावडरीचं सांगायचं. तिचा मूड बघून.

शनिवार.

मूड नव्हता.

रविवार.

लग्नाच्या दिवशी असलं काही सांगू नये.

सोमवार, १० तारीख. दुपारी.

नात मॅडमना भेटून आली. डोळे छान केलेत म्हणाल्या, ओठ छान. पण पावडरीत हात सैल. खुर्ची नाही. वर्षभर हाताखाली ये, ब्रश धू, बघून शिक. कबूल करून आली. दुसरी कामं कुठली आता.

पावडर कुणी लावली, असंही विचारलं होतं त्यांनी. ही म्हणाली, मीच.

मग मात्र मला राहवेना. एका दमात सगळं सांगून टाकलं. ती चप्पल काढत म्हणाली, माहितीये. म्हटलं, मग माझं नाव का नाही घेतलंस? तर म्हणाली, घेतलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुझ्या पेटीला आजीचा हात लागलाच कसा.

ब्रश धुवायला बसली. मी म्हटलं, आण, मी धुते. नको म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, बस इथं माझ्याजवळ. पण हात मांडीवर ठेव.

ठेवले.

त्या दिवशी मी इतकी घाबरले होते, की पावडर लावत होते तेवढा वेळच काय तो धीर वाटला होता.