पारावरचा झेंडा

मु. शिंदाडवाडी, पो. मांडवगण फराटा, ता. शिरूर
२८ जुलै १९९७

तीर्थस्वरूप ज्ञानूदादास,
धाकट्या प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळी खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवत जा, नाहीतर दौंडला गेलेला भाऊ कुठल्या गाडीत बसून पुढे निघून गेला की काय असं वाटतं. सुषमावहिनीचा गुडघा कसा आहे? फोन केला असता, पण गावातला एकुलता एक फोन उपसरपंच पोपटरावांच्या दुकानात, आणि मला बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

काल पंचायतीची मीटिंग झाली. यंदा स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात, म्हणून झेंडावंदन थाटात करा असा तालुक्याहून कागद आला आहे. आमचा पार तू पाहिला आहेस, मारुतीच्या देवळापुढचा, चार पायऱ्यांचा. बायकांनी त्यावर पाय ठेवायचा नाही, पिंपळाला फेऱ्या घालायच्या त्यासुद्धा खालून. आणि पंचायतीच्या झेंड्याचा खांब पहिल्यापासून त्याच पारावर रोवलेला. सव्वीस जानेवारीला मी सरपंच म्हणून नवी होते, पोपटरावांनी झेंडा चढवला तेव्हा गप्प राहिले. आता ते म्हणतात की सरपंचबाईंनी खाली उभं राहून ओवाळावं, नारळ फोडावा, दोरी ते ओढतील, कारण बाईमाणूस पारावर चढलेलं देवाला चालत नाही.

मी म्हटलं की कागदात सरपंचाच्या हातून असं लिहिलं आहे. तर सगळे माझ्याकडे बघायचं सोडून ह्यांच्याकडे बघायला लागले. हे काही पंचायतीचे सदस्य नाहीत, तरी प्रत्येक मीटिंगला माझ्या शेजारच्या खुर्चीत असतात हे तुला ठाऊक आहे. ह्यांनी मान डोलावली, आणि ग्रामसेवकाने लिहून टाकलं की सरपंचांची संमती आहे. मान ह्यांची आणि संमती माझी.

दादा, सह्या करायला मी, रस्त्यासाठी शिरूरला हेलपाटे घालायला मी, नळ बंद पडला की शिव्या खायला मी. झेंडा चढवायची वेळ आली की मात्र देव आडवा येतो. मला राग आला आहे आणि तो जेवताखाताही जात नाही. झेंडा मीच चढवणार. तू पंधराला ये. मोठा मेव्हणा समोर असला की ह्यांची जीभ जरा आखडते.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
प्रतिभा


रेल्वे कॉलनी, दौंड
१ ऑगस्ट १९९७

चि. सौ. प्रतिभास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून माझंही डोकं तापलं. पोपटराव समोर असते तर चार शब्द ऐकवले असते. लहानपणी ओढ्यात खेकड्याच्या बिळात पहिला हात तूच घालायचीस आणि बोट चावलं की रडायचं माझ्या नावाने, ते आठवलं. अजून तशीच आहेस.

पण शांतपणे ऐक. राखीव जागा पाच वर्षांची, नांदायचं आहे जन्मभर. एका दोरीपायी अख्खं गाव अंगावर घेऊ नये. घरधनी म्हणून मल्हाररावांचाही मान आहे, चारचौघांत त्यांनी शब्द दिला आहे. तो खांबच पारावरून खाली शाळेपुढे आणता येणार नाही का? देवही राहील आणि तुझाही मान राहील. पोपटरावांना गोडीने विचारून बघ.

येण्याचं बघतो. वहिनीचा गुडघा बरा आहे, जिना चढताना कुरकुर तेवढी चालू आहे. तुझ्या दोन ओळी आल्या की घर भरल्यासारखं होतं, तेव्हा लिहीत राहा.

तुझा
दादा


शिंदाडवाडी
५ ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा जास्त राग आला. गोडीने विचारलं रे. पोपटराव म्हणाले की खांब बापजाद्यांनी रोवला आहे, पन्नासाव्या वर्षी हलवला तर गावाला अपशकुन. म्हणजे खांब हलायचा नाही, देव हलायचा नाही, मग हलायचं कोणी? मीच.

आता मी काय ऐकलं ते सांगते. रात्री भाकरी थापताना माझी बडबड चालली होती, तर सासूबाई, आपल्या धुरपदा आत्याबाई, चुलीपुढे बसून एकदम बोलायला लागल्या. मामंजी मेंढरं घेऊन ह्या गावात आले आणि इथेच राहिले, तेव्हा धनगराने पारावर बसायचं नव्हतं. उपरा माणूस म्हणून खाली चपलांपाशी बसायचा. एकदा पाऊस आला म्हणून मामंजी दोन पायऱ्या चढले, तर पोपटरावांच्या वडिलांनी सगळ्यांदेखत त्यांचा दंड धरून खाली उतरवलं. आत्याबाई डोक्यावर घागर घेऊन तिथेच उभ्या होत्या. पुढे निवडणूक आली, धनगरवाड्याची मतं पाहिजे झाली, तेव्हा त्याच माणसाने मामंजींचा हात धरून त्यांना वर नेऊन बसवलं. देव तवा काय बोलला न्हाई, म्हणाल्या.

दादा, हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे. ज्या पारावरून बापाला खाली ओढलं, त्याच पारावर बसून हे मला खाली उभी राहा म्हणतात. मी बोलून दाखवलं तर ताट सरकवून उठून गेले.

पंचायतीचे शिपाई शेखलालभाई झेंड्याची घडी घालतात, गाठ मारतात, पंधरा-वीस वर्षं त्यांचंच ते काम. त्यांना मी गुपचूप बोलावलं. गोठ्याच्या मेढीला दोरी बांधून त्यांनी मला शिकवलं, एका हाताने सोडायची, दुसऱ्याने ओढायची, अडकली तर हिसका द्यायचा नाही. झेंडा म्हणून आत्याबाईंचा टॉवेल. म्हशी सोडल्या तर बघायला कोणी नव्हतं, आत्याबाई मात्र हसून हसून खोकल्या.

मी चढणार हे नक्की. तू ये एवढंच मागते, भांडायला नाही, नुसता उभा राहायला. तुझ्या सावलीत वाढले आहे, त्या दिवशी थोडी सावली लागेल.

तुझी
प्रतिभा


दौंड
१० ऑगस्ट १९९७

चि. सौ. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं. मामंजींची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण पंधरा तारखेला नेमकी माझी ड्युटी लागली आहे, बदली माणूस मिळत नाही. रेल्वेचं काम, आपल्या हातात काही नसतं. मनाने मी तिथेच असेन. मल्हाररावांशी बोलताना आवाज चढवू नकोस. जे करशील ते जपून कर.

दूर असलो तरी तुझ्या पाठीशी आहे, हे विसरू नकोस.

तुझा
दादा


शिंदाडवाडी
२० ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

कालच वहिनीचं कार्ड आलं. बिचारीने भोळेपणाने सगळं लिहिलं आहे, की पंधरा ऑगस्टला तुला सुट्टी होती, सकाळी जिलेबी आणलीस, दुपारी ताणून दिलीस. पोपटरावांवरचा राग सोसतो, तो परका माणूस. तुझ्यावरचा सोसत नाही. भीती वाटते असं लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

झालं ते ऐक. मी चप्पल खाली काढून चार पायऱ्या चढले. दोरी पोपटरावांच्या हातात होती. शेखलालभाई म्हणाले की साहेब, कागदात नाव सरपंचांचं हाय, आणि दोरी त्यांच्या हातातून काढून माझ्या हातात दिली. झेंडा अर्ध्यावर अडकला, खालून कोणीतरी हसलं. मी दोरी ढिली केली, पुन्हा ओढली, तेव्हा गेला वर. वळून बघते तर पारावरची माणसं एकेक करून उतरत होती. सगळ्यांत आधी हे उतरले. राष्ट्रगीत शाळेची पोरं आणि खालच्या बायकांनी म्हटलं, पुरुषांनी पाठ फिरवून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मारुतीचा वार. पहाटेच पोपटराव आणि बाकीच्यांनी पार धुवायला काढला. गोमूत्र शिंपडलं, मारुतीला नवा शेंदूर लावला. एका बाईच्या दोन पायांनी देव बाटला म्हणून. ह्याच पारावर रोज कुत्री झोपतात, तेव्हा कधी कोणी पार धुतला नाही. आणि पाण्याच्या बादल्या कोण वाहत होतं? तुझे दाजी. आदल्या रात्री त्यांनी मला सांगितलं होतं की दौंडला भावाचं घर आहे, तिकडे जा. मी जाणार नाही, तेव्हा तू घाबरू नकोस. माझ्यावर अविश्वास ठराव येतो आहे, दोन बाया सदस्य आहेत त्यांचे अंगठे त्यांच्या नवऱ्यांनी घरी बसूनच घेतले. सरपंचपद जाईल. पन्नास वर्षांच्या स्वातंत्र्यात माझ्या वाट्याला एक सकाळ आली, आणि तिची किंमत अजून वसूल केली जाते आहे.

पण पार धुऊन झाला, अजून ओलाच होता, तेव्हा आत्याबाई घरातून निघाल्या. सत्तरी उलटलेली बाई, काठी टेकत चार पायऱ्या चढल्या आणि मारुतीसमोर मधोमध ओल्यात बसल्या. ह्यांच्या हातात भरलेली बादली. आत्याबाई म्हणाल्या, की वत, माझ्याबी अंगावर वत, तुझ्या बापाला हितनं वढला तवा मी घागर घिऊन खाली गप हुबी हुते, आज उठनार न्हाई. हे बादली धरून उभे राहिले. मग बादली खाली ठेवून शेताकडे निघून गेले. पोपटराव म्हातारीला हात लावायला धजले नाहीत, आणि बाकीचे एकमेकांकडे बघत पांगले.

तेव्हापासून आत्याबाई रोज सकाळी जाऊन तिथे बसतात. दुपारची भाकरी मी वर घेऊन जाते, आम्ही दोघी तिथेच जेवतो. काल आणखी दोघी येऊन बसल्या.

वहिनीला माझा राग सांगू नकोस, नमस्कार सांग. माया मी कमी केलेली नाही, तू किती ठेवलीस ते तूच बघ. यायचं असेल तर दुपारी ये. घरी जाऊ नकोस, सरळ पारावर ये.

तुझी
प्रतिभा