बिनदांडीची सायकल

झिंज, मनामा, बहारीन
३ मे २०२५

ती. गोदाआत्यास,
कैलासचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच भरतेस, म्हणून हे पत्र रजेवर निघालेल्या, माझ्या कंपनीतल्या गुंडूच्या हाती देतोय. सोबत खजूर आहेत. त्याने वाटेत खाल्ले तर कळव.

सल्ला हवाय. सायकलला मोटर बसवायचीय. मोटर आणि बॅटरी आली, सायकल ठरत नाही. एक रेसची आहे, इथल्या जनाबिया भागातल्या एका व्हिलावाल्याने टाकून दिलेली. दुसरी घडीची. तिसरी जुनी लोखंडी, पण बिनदांडीची. एसी दुरुस्तीला हिंडायला कोणती बरी? अंगणवाडीसाठी तू जन्मभर सायकल हाणलीस, तुझ्याएवढं कुणाला कळणार?

लग्नाचं एवढ्यात नको. रागाव हवं तर, पण माया आटवू नकोस.

तुझा,
कैलास

देवरूख
२१ मे

चि. कैलासास अ. आ.

खजूर पोचले. गुंडूकडून तुझ्या बातम्याही काढून घेतल्या.

रेसची बाद कर. मोटर लागल्यावर ती पळेल, पण तेवढ्याशा ब्रेकने थांबेल कुठे? घडीची बिजागरीत मोडेल. लोखंडी भक्कम खरी, पण दांडीच नाही तर बॅटरी टांगशील कशाला, माझ्या कपाळाला? दांडीवाली जुनी लोखंडी शोध. आधी ब्रेक, मग मोटर. बैल घेताना वेसण बघतात.

लांज्याचं स्थळ आलंय. गणपतीत त्यांना शब्द देणार. तुला लहानाचा मोठा मी केलाय, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

जेवत जा वेळेवर.

गोदाआत्याचे आशीर्वाद

झिंज
१२ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बिनदांडीचीच घेतली. बॅटरी कॅरियरवर बांधली, पुढे टोपली लावली, सीट जरा खाली घेतली. मागच्या चाकाला जाळीही बसवली, इथे वाळू फार उडते. ब्रेक मात्र तुझ्या सांगण्याप्रमाणे नवे.

लांज्याला शब्द देऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू, इंशाल्ला.

माया आहे तशीच राहू दे माझ्यावर.

कैलास

देवरूख
५ जुलै

चि. कैलासास अ. आ.

अरे शहाण्या, सहा फुटी ताडमाड माणूस तू, सीट खाली कशाला घेतलीस? मागच्या चाकाची जाळी वाळूसाठी नसते, ओढणीसाठी असते. माझ्या सायकलीला लुगड्यासाठी होती! आणि तुझं सामान कंपनीच्या व्हॅनमधून जातं, असं गुंडू म्हणाला. आत्याला फसवतोस, मेल्या?

कोण आहे ती? लांज्याला थांबा म्हणून कळवलंय. मला भिऊन लपवलंस, याचं मात्र फार वाईट वाटलं. तुझ्या तोंडाला कुलूप असेल तर तिला लिहू दे. ब्रेकला तिचा हात पुरतो का, तेही लिहू दे.

रागावलेली तरी तुझीच,
गोदाआत्या

उम्म अल हस्सम, मनामा
२३ जुलै

ती. गोदाआत्यांस,
सावनीचा शि. सा. न. वि. वि.

मी मूळची राजापूरची. इथे पोळी-भाजीचे डबे करते आणि घरोघर पोचवते. इथल्या उन्हात पायी हिंडून एप्रिलअखेर रस्त्यातच चक्कर आली. तेव्हापासून कैलासने मोटरचा ध्यास घेतला. तुम्हाला कळवायला मी रोज सांगायची, तो रोज उद्यावर ढकलायचा.

ब्रेकला हात पुरत नव्हता. तुमचं पत्र वाचून त्याने त्याच दिवशी ब्रेक बदलून घेतले. आता सायकल मी चालवते आणि तो मागून धावतो, कारण कॅरियरवर बॅटरी बसलीय.

तुमचा नकार असेल तर खलास, सायकल परत करीन, असं मी त्याला बजावलंय. पण मनातून नको आहे तुमचा नकार.

ओळख नसताना लिहिलं, पदरात घ्या.

सावनी

देवरूख
९ ऑगस्ट

चि. सावनीस अ. आ.

लांज्याला नकार कळवलाय. गणपतीला दोघं या. त्याला धावायला लावतेस, हे मला फार आवडलं.

माझी जुनी सायकल पडवीत धुऊनपुसून ठेवलीय, जाळीसकट. येताना आणखी एक मोटर आण. बॅटरी विमानात घेत नाहीत म्हणे, ती इथे बघू. कैलासला सांगू नकोस, माझेही गुडघे हल्ली बोलतात.

तुझी,
गोदाआत्या