झायदच्या गाडीचा कॉक

१२ मार्च, मंगळवार. पहिला रोजा.
निश्चय केला. ईदला झायदची मोटरसायकल चालू करून दाखवणार. बावीस वर्षं ताडपत्रीखाली आहे. महिन्याभराचं काम, फार तर. त्याची मुलगी तूदा ईदला येते आहे, वाळवंटातल्या मोटार-रॅलीवाल्यांच्या गॅरेजात मेकॅनिक आहे ती. फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही हात लावू नका, मी येऊन बघते." हात लावू नका म्हणे! आमच्या एर्फूद गावात दगडातले जीवाश्म माझ्याइतके चकाचक कोण घासतो? ही गाडी म्हणजे मोठा जीवाश्मच.
नोंद: इंजिन जाम आहे. थोरला भाऊ झायद हरवलेला उंट शोधायला पहाटे निघाला, वाळवंटात इंजिन जाम झालं, तो पायी निघाला. तिसऱ्या दिवशी सापडला, तो मेलेलाच. विहीर चार किलोमीटरवर राहिली होती. गाडी मीच पिकअपमधून आणली, मीच तपासली. सगळ्यांना माहीत आहे.

१५ मार्च
काम नाही. रोज्यात पेट्रोलचा वास चालतो का, हे इमामांना विचारलं. म्हणाले, वास चालतो, नळीने तोंडात ओढू नकोस. प्रश्न मिटला. ईदपर्यंत टाकीला हात लावायचा नाही.

१९ मार्च
मडगार्ड घासलं. तोंड दिसतं त्यात. मागच्या चाकातून मूठभर वाळू निघाली. फेकवेना. चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. इत्तो वहिनींनी, म्हणजे झायदच्या बायकोने, डबा उघडला, बघितलं, झाकण लावलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च
किक दाबून पाहिली. सहज फिरली. म्हणजे इंजिन आपोआप सुटलं. बावीस वर्षांत तेल मुरतं, तसं होतं. होत असणार.
दिवस कलताना, असरच्या बांगेनंतर, फाटकाशी गाडी येताना ऐकू आली. खोकत खोकत, पेट्रोल संपत आल्यावर येते तशी. बाहेर कोणी नव्हतं. पोटात काही नसलं की कान वाजतात.

३ एप्रिल
सीट शिवून आली, चेन बसली. राहिला फक्त टाकीखालचा पेट्रोलचा कॉक. त्याची कळ वाकलेली आहे. रिझर्व्हच्याही पुढे ढकललेली. पिकअपमध्ये काहीतरी आपटलं असेल. ओरिजिनल पार्ट बदलू नयेत, असं जाणकार सांगतात. तसाच ठेवतो. धूळ बसू नये म्हणून फडकं बांधलं.
दोघा भावांत ही एकच गाडी. नियमही एकच: ज्याच्या हातात गाडी रिझर्व्हला, म्हणजे तळाच्या राखीव पेट्रोलवर, लागेल, त्याने टाकी भरून कळ परत फिरवायची. नियम झायदचा. त्यामुळे तो निघताना कधी कळ बघायचासुद्धा नाही. हे आज का लिहिलं कोण जाणे.
आवाज रोज येतो. मी घाबरत नाही. फाटकाकडची खिडकी धुळीमुळे बंद केली आहे.

८ एप्रिल
तूदा आली. बॅग खाली ठेवायच्या आधी फडकं सोडलं. मडगार्डबद्दल एक शब्द नाही! कॉककडे बघत बसली. मग विचारलं, "काका, कळ रिझर्व्हच्या पुढे कोण ढकलतं?" मी म्हणालो, वाळवंटात माणूस काहीही करतो. "नाही," म्हणाली. "गाडी बंद पडली. बाबांनी रिझर्व्हला टाकायला हात घातला. कळ आधीच तिथे होती."
मी म्हणालो, इंजिन जाम होतं. तिने हाताने किक फिरवून दाखवली.
रोज्याचा अशक्तपणा आला, म्हणून जाऊन पडलो.

१० एप्रिल. ईद.
तूदाने नवा कॉक बसवला, पेट्रोल भरलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. म्हणजे ठरल्याप्रमाणे ईदला चालू झाली. इंजिनाला कधी काही झालंच नव्हतं.
वहिनी पिठाच्या हातांनी अंगणात आल्या. गाडी बंद होईपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.
"हाच आवाज," म्हणाल्या. "हे निघायच्या आदल्या संध्याकाळी तू कॅफेतून आलास ना, तेव्हा फाटकाशी हाच. फक्त खोकत होती." तूदा माझ्याकडे बघत होती. वहिनींनी हात ओढणीला पुसले. "बास्सू, बावीस वर्षं विचारीन म्हणते. त्या दिवशी कॅफेतली मॅच कोण जिंकलं होतं रे?"
आठवत नाही म्हणालो.
दोन-एक. आपणच जिंकलो होतो. त्या आनंदात पंपावरून तसाच पुढे आलो. सकाळी टाकी भरू म्हटलं.