रोझमेनच्या दाराचं कुलूप

काप-हेशियन, ११ मे

रोझमेनताई,

सगळे खुशाल. आईचा गुडघा बरा आहे. तुझ्या हातच्या तिखट शेंगदाणा-लोण्याची तिला रोज आठवण येते. पत्र तिकडे चिलीला निघालेला क्लेरव्हो आणतोय, त्याला जेवू घाल. फोनवर हे सांगायचा मला धीर झाला नसता.

शाळेच्या हॉलमध्ये आम्हा पत्रा-कारागिरांचं प्रदर्शन झालं. विषय दिला होता 'ताबा'. कुणी पणजोबांच्या काळी आपल्या देशाचा ताबा घेतलेले अमेरिकन शिपाई केले, दोरीने बांधून रस्त्यावर राबवलेली माणसं केली. एकाने आपलं नोआय गाव बळकावून छपरांवर बसलेले बंदूकवाले गुंड केले. मीही तेच करणार होतो. तेलाचं रिकामं पिंप वाळक्या केळपानांवर भाजलं, ठोकून सपाट केलं, खडू घेतला आणि हात भलतीकडेच गेला. पत्र्यावर कुलूप फोडलेलं दार उमटलं. आत आई, मी आणि बायको.

दार तुझं आहे, ताई. दीड वर्ष आम्ही तुझ्याच घरात राहतोय. भाड्याची खोली घेतली असं तुला सांगितलं, ती शुद्ध थाप. नोआयहून पळून आलो त्या सकाळी मीच छिन्नीने कुलूप फोडलं. तू चिलीला निघालीस तेव्हा 'घरदार टाकून पळतेस' म्हणून तुला नाही नाही ते बोललो होतो. मग कोणत्या तोंडाने घर मागणार?

प्रदर्शनात शेजारची सेंतेलिया काकी त्या पत्र्यापुढे थांबली आणि पोट धरून हसायला लागली.

"अरे घुम्या, किल्ली माझ्याकडेच होती. नोआयची बातमी लागली तसा तुझ्या बहिणीचा फोन आला, माझ्या घरचे आले तर दे म्हणून. मी बाजारातून येईस्तोवर तू कुलूप फोडून मोकळा!"

"मग दीड वर्ष बोलली का नाहीस?"

"चोरासारखा किती गोड वागत होतास. रोज माझं पाणी भरून देत होतास. म्हटलं, चालू दे."

म्हणून तू फोनवर विचारायचीस होय, 'भाड्याच्या खोलीची मागची खिडकी नीट लागते का रे?' मी तिथेच खुर्चीवर बसलो आणि रडलो. दीड वर्षांनी त्या रात्री पाठ टेकताच झोप लागली.

एकच गोष्ट राहिली. दारात 'ऑने' अशी हाक घालून आतून 'रेस्पे' आल्याशिवाय आईने आपल्याला कुणाचा उंबरा ओलांडू दिला नाही. त्या सकाळी मी हाक न घालताच तिला हाताला धरून आत नेलं. म्हणून आज बाहेर पायरीवर बसून लिहितोय.

ऑने, ताई.

तुझा धाकटा,
सेलोम