थैलीत न टाकलेलं पत्र

दि. १९, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही दोघं तिकडे बरे असाल अशी आशा आहे. बाबा गेल्याची तार मिळाली असेल. रस्ते बंद, म्हणून तुझी वाट पाहिली नाही.

मी ठीक आहे. पोस्टातल्या अर्ध्या काचा फुटल्यात, तिथे पुठ्ठे लावलेत. टपाल वेगळं करताना बोटं गारठतात. स्वयंपाकघराचं छत मात्र शाबूत आहे. आता एकटीपुरतं करायची सवय नाही, रोज भात उरतो.

बाबांना पोचवायला खूप माणसं आली. पलीकडच्या काठावरचे गुरुजीही आले. वर्तमानपत्रातल्या फोटोत बाबांचा हात धरून पुलावर उभे होते ना, तेच. तुला त्यांचं नावही नको असेल, तरी वाच. धर्म वेगळा, बाजू वेगळी, पण दोघांनी दोन्हीकडच्या सेनापतींच्या दारात बसून बसून दर गुरुवारी दोन तास गोळीबार थांबवून घेतला होता. त्या दोन तासांत मधल्या फळबागेतली प्रेतं उचलायची. आपली की त्यांची, हे नंतर बघायचं. स्फोटानं गुरुजींचा एक कान गेलाय, त्यामुळे बाबांना ओरडून बोलावं लागायचं आणि त्यांची गुप्त बोलणी दोन्ही काठांवरच्या सैनिकांना ऐकू जायची. सैनिक हसायचे. हसल्यावर गोळी झाडणं जरा जड जातं, असं बाबा म्हणायचे.

ते मुळात तिथे का जायला लागले, हे त्यांनी तुला कधी सांगितलं नाही. तुझा चिमण्या चालवायचा ती रुग्णवाहिका त्याच बागेजवळ सापडली होती, रिकामी. तुम्ही दोघं निघून गेलात, तो मागे राहिला. तो बेपत्ता झाल्यावर तू बाबांशी बोलणं टाकलंस आणि बाबा त्याला शोधायला निघाले. मग इतरांचीही मुलं सापडायला लागली, तसं त्यांना थांबता येईना.

ताई, आता मी लिहिते ते बसून वाच.

तीन महिन्यांपूर्वी गुरुजींनी बाबांच्या हातात एक कागद ठेवला. पलीकडे पुरलेल्या एका मुलाच्या खिशातला. पावसानं सगळं पुसलं होतं, एक ओळ तेवढी राहिली होती. 'झोपताना कान झाकून घेत जा.' अक्षर तुझं होतं.

मी म्हटलं, "बाबा, अशी अक्षरं पुष्कळांची असतात."

ते म्हणाले, "अगं, तिला पाटीवर मीच शिकवलंय."

चिमण्या गेलाय, ताई. गुरुजींनी स्वतः त्याला अंघोळ घातली. आपल्यात शेवटी काय म्हणतात ते बाबांनी त्यांना आधीच लिहून दिलं होतं, ते वाचून दाखवलं. त्यांच्या लोकांनी त्याबद्दल त्यांच्या दारावर दगड मारले.

बाबांनी त्याच दिवशी तुला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी त्यावर शिक्का मारला, पण थैलीत टाकलं नाही. कागद दुसऱ्या कुणाचा निघाला तर, असं मनाला सांगत राहिले. खरं म्हणजे ते पत्र उघडतानाचा तुझा चेहरा मला दिसत होता. खणात ठेवून दिलं.

पाच आठवड्यांनी तुझं पत्र आलं. त्या दिवशी मी कामावर नव्हते, पोस्टमननं ते थेट बाबांच्या हातात दिलं. 'माझा मुलगा ज्यांनी हिरावला, त्यांचे हात धरणारा माणूस माझा बाप नाही.' तू फोटो पाहून लिहिलं होतंस. बाबांना वाटलं, त्यांचं पत्र वाचून लिहिलंयस.

दोनदा वाचून त्यांनी घडी घातली. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाले.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. तोंड उघडलं आणि चहा टाकू का, असं विचारलं.

त्यानंतरचे चारही गुरुवार ते पुलावर गेले. चौथ्या गुरुवारी गारांच्या पावसात भिजून आले आणि छाती धरली. ताप उतरला की सांगू, असं मी रोज ठरवायचे. ताप उतरला नाही. शेवटी शेवटी विचारत होते, "तिचं आणखी काही आलं का गं?" मी नाही म्हणत होते. तेवढं मात्र खरं होतं.

गुरुजींनी बाबांना खांदा दिला. निघताना मला म्हणाले, "ताईंना मुलाचं कळवलंत ना?" मी हो म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही. सगळ्यांसमोर तीनदा ओरडून मी खोटं बोलले. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुलाकडे चालू लागले. आता गुरुवारी ते एकटेच उभे असतात.

बाबांचं पत्र सोबत पाठवते आहे. मी उघडलेलं नाही. शिक्क्यावरची तारीख बघ म्हणजे तुला कळेल.

चिमण्याची जागा पलीकडे, भिंतीलगतच्या रांगेत आहे. रस्ते उघडले की ये. पुलापर्यंत मी सोडीन, पुढे गुरुजी नेतील. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, पण ये.

बाबांना शेवटपर्यंत खरं न सांगितलेली,
तुझीच धाकटी