रडा, पण गाऊ नका

प्रिय आईस,
तुझ्या लेकीचा येशूच्या नावात सलाम.

मी बरी आहे, नोकरीही नीट चाललीय. ज्यांच्या खोलीत मी राहते त्या शिवणवाल्या मावशींचे यजमान गेल्याचं कळवलं होतंच. तेव्हापासून चर्चच्या मंडळीतलं कोणी ना कोणी रोज संध्याकाळी येतं, स्तोत्र वाचतं, एखादं गीत गातं. मावशी मात्र गप्पच असायच्या.

काल घरमालक दारात आले. "रडायचं तर रडा, पण गाणी बंद! नाहीतर खोली खाली करा."

मंडळीतला आमचा गवंडीदादा म्हणाला, "मालक, रडणं एकट्यालाही जमतं. गायलाच चार माणसं लागतात."

मी दारातून हलले नाही. तेवढ्यात मावशींनीच गीत सुरू केलं, यजमानांच्या आवडीचं. सूर पार घसरलेला. आम्ही सगळी कडवी म्हटली, दार सताड उघडं ठेवून.

खोली बहुधा जाईल. मंडळीतल्या दोन घरांनी आमच्यासाठी जागा करून ठेवलीय, तेव्हा काळजी नको. बाबा म्हणतील, घरात पहिली पदवी आली आणि पोरीला शिंगं फुटली. त्यांना सांग, हे कॉलेजात नाही, तुमच्याच घरात शिकले.

त्यांचा खोकला कसा आहे?

आज संध्याकाळी आम्ही पुन्हा गाणार आहोत.

प्रार्थनेत तुम्हा दोघांना धरून असलेली,
तुझी लेक